गरोदरपणात रक्तातलं शिसं तपासावं का? कोल्हापूरच्या घरांतून येणारे प्रश्न

बीपी, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही, सोनोग्राफी... गरोदरपणातल्या तपासण्यांची यादी आता घरोघरी पाठ आहे. रक्तातल्या शिशाची तपासणी त्या यादीत नसते आणि सरसकट सगळ्यांना ती लागतही नाही. पण जिला ती खरोखर लागते, तिला "तुमच्या घरात कोण काय काम करतं?" एवढा साधा प्रश्नही बहुधा कुणी विचारत नाही. कोल्हापूर हे फौंड्रीचं, वर्कशॉपचं, चांदीच्या कारागिरांचं आणि मूर्तिकारांचं गाव. इथे तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

शिसं अंगात जातं तरी कसं?

धूळ, धूर आणि अन्न या तीन वाटांनी. हाताला लागलेली भुकटी भाकरीबरोबर पोटात जाते, वितळत्या धातूचा धूर श्वासातून जातो. पूर्वी पेट्रोलमधूनही जायचं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं आणि एक मोठी वाट बुजली. आता उरल्यात त्या घरातल्या, कामाच्या ठिकाणच्या आणि बाजारातल्या. शरीराला शिशाचा काडीचाही उपयोग नाही. लोहासारखं "थोडं हवं, जास्त नको" असं त्याचं नसतं. अमुक इतकं शिसं सुरक्षित, अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

पोटातल्या बाळाला काय होतं?

शिसं वार ओलांडून बाळापर्यंत सहज पोहोचतं. नाळेच्या रक्तातली पातळी आईच्या पातळीच्या जवळपासच असते. पातळी जास्त असेल तर गर्भपाताचा, दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा आणि आईला रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो. पातळी कमी असली तरी बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. तो जन्मताना दिसत नाही. मूल शाळेत जायला लागल्यावर अभ्यासात, लक्ष लागण्यात जाणवतो. सोनोग्राफीत शिसं दिसत नाही, त्यामुळे "सोनोग्राफी नॉर्मल आहे" हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

मला काहीच त्रास नाही. मग तपासायचं कशाला?

त्रास बहुधा होतच नाही. झालाच तर थकवा, बद्धकोष्ठता, पोटात कळा, डोकं दुखणं, रक्त कमी असणं. यातली प्रत्येक तक्रार गरोदर बाईला एरवीही असते. म्हणून लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मग सगळ्यांनीच करून घ्यायची का?

नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला असाच आहे: आधी प्रश्न विचारा, धोका दिसला तरच रक्त तपासा. हे प्रश्न पहिल्याच भेटीत, नावनोंदणी करताना विचारलेले बरे. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाहीत तर तुम्ही आपणहून सांगा. तुम्ही किंवा घरातलं कुणी धातू, बॅटरी, रंग यांच्या कामात आहे का? आधी कधी होतं का? घराशेजारी बॅटऱ्या फोडण्याचं किंवा धातू वितळवण्याचं काम चालतं का? कसली भस्मं, पुड्या, काढे चालू आहेत का? माती, खडू, पाटीची पेन्सिल खावीशी वाटते का? अलीकडे जुन्या घराचा रंग खरवडला का? घरातल्या कुणाच्या, विशेषतः लहान मुलाच्या, रक्तात आधी शिसं सापडलंय का?

एका जरी प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तरी तपासणी करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. एकदा रक्त द्यायचं, इतकाच त्रास.

आमचे मिस्टर बॅटरीच्या दुकानात आहेत. मी तर दिवसभर घरीच असते. मला कसला धोका?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. ती उघडली, प्लेटा काढल्या, जोड वितळवून पुन्हा लावले, की करडी भुकटी उडते. ती शर्टाच्या खिशाच्या शिवणीत, पँटच्या मोहरीत, नखांत, चपलेच्या तळाला, डब्याच्या पिशवीत बसून संध्याकाळी घरी येते. दारातून आल्या आल्या धाकट्याला कडेवर घेतलं जातं. मग तो शर्ट खुंटीवरून काढून, झटकून, बादलीत कोण टाकतं? घरातली बाई. कपडे झटकण्याच्या त्या एका क्षणात ती भुकटी तिच्या तोंडावर येते. म्हणजे घरी बसलेल्या बाईचाही त्या कामाशी रोजचा संबंध असतो.

बॅटरीचंच काम असलं पाहिजे असं नाही. फौंड्रीत नुसतं बीड ओतत असतील तर शिशाचा प्रश्न कमी. पण गनमेटलची बुशं, पितळी भाग ओतत किंवा लेथवर काढत असतील तर त्या मिश्रधातूंत बऱ्याचदा शिसं असतं. शिवाजी उद्यमनगरात, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला असलेल्यांनी "मशीनवर असतो" एवढंच सांगू नये, कोणता धातू ते सांगावं. रेडिएटरला डाक लावणारे, ट्रॉली आणि यंत्रांना स्प्रेने पिवळा-केशरी रंग मारणारे, कुंभार गल्लीत गणपतीच्या दिवसांत रात्र रात्र रंगकाम करणारे, हुपरीत चांदी आटवणारे आणि डाक देणारे, मासेमारीच्या जाळ्याला शिशाचे मणी ओतणारे, या सगळ्यांच्या घरी हा प्रश्न लागू आहे.

करायचं ते सोपं आहे, पण रोज करावं लागतं. कामाचे कपडे कामावरच बदलायचे. ते जमत नसेल तर घरात शिरायच्या आधी मोरीत जाऊन बदलायचे, हातपाय आणि तोंड साबणाने धुवायचं, मग मुलांना जवळ घ्यायचं. ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचे, न झटकता. आणि गरोदरपणात ते ज्याचे त्यानेच धुवायचे. सासूबाईंना हे पटवणं जड जातं खरं. पण डॉक्टरांनी मिस्टरांना समोर बसवून सांगितलं की बहुतेक घरांत ऐकतात. फरशी केरसुणीने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेली बरी.

वडिलांचं बॅटरीचं दुकान होतं. लग्नाला आठ वर्षं झाली. आता त्याचा काय संबंध?

संबंध आहे. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण शरीरातला मोठा साठा हाडांत असतो आणि तिथे तो दशकानुदशकं राहतो. हाड शिशाला कॅल्शियम समजून साठवतं. गरोदरपणात बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघायला लागतं, त्याच्याबरोबर लहानपणी साठलेलं शिसंही रक्तात उतरतं. म्हणून डॉक्टरांनी सासरचा पत्ता विचारला तरी तुम्ही माहेरचा धंदाही सांगा.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते. रक्तातली शिशाची पातळी मधल्या तिमाहीत थोडी उतरून शेवटच्या तिमाहीत पुन्हा वाढते, आणि नेमकं तेव्हाच घर बदललेलं असतं. सासरी सगळं ठीक असेल पण माहेरच्या अंगणात जुन्या बॅटऱ्या पडलेल्या असतील, तर तिथली साफसफाई मुलगी पोहोचायच्या आधी उरकायला हवी.

हळदीत शिसं असतं असं ऐकलं. खरं आहे का?

चांगल्या हळदीत ते नगण्य असतं. धोका आहे तो चमक आणण्यासाठी लावलेल्या लेड क्रोमेट या पिवळ्या रंगाचा. बांगलादेशात ग्रामीण भागातल्या ४३० गरोदर महिलांचं रक्त तपासलं तेव्हा १३२ जणींच्या रक्तात पातळी डेसीलिटरला (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात) ५ मायक्रोग्रॅमच्या वर निघाली. आसपास ना कारखाना, ना बॅटरीभट्टी. शोध घेत घेत संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. रक्तातलं शिसं आणि हळदीला लावलेल्या रंगातलं शिसं जुळलं. तिथल्या सरकारने छापे टाकले, दंड केले, लोकांना सावध केलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत भेसळ होती, २०२१ मध्ये ती शून्यावर आली. मनावर घेतलं तर हे थांबवता येतं, हे मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आपल्याकडे अन्नसुरक्षा नियमांनुसार हळदीत शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे आणि लेड क्रोमेटला पूर्ण बंदी आहे. घरी काय करता येईल? उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना आपण मिरची बघून, दाबून, वास घेऊन आणतो. तेवढीच काळजी हळकुंडाची घ्या. "अख्खं हळकुंड आणलं म्हणजे भेसळ नाही" हा समज चुकीचा आहे, कारण हा रंग हळकुंडाला पॉलिश करतानाच लावतात. पिवळंजर्द, चकचकीत, हाताला रंग सोडणारं हळकुंड घेऊ नका. मातकट, खरबरीत, पॉलिश न केलेलं घ्या आणि कांडपाला नेऊन समोर दळून आणा. सांगली शेजारीच आहे. तिथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट हळद घेणारी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. सुटी, उघड्या पोत्यातली पूड मात्र गरोदरपणात तरी टाळा. पाण्यात हळद टाकून बघण्याच्या घरगुती चाचणीवर विसंबू नका. शिसं आहे की नाही ते प्रयोगशाळाच सांगू शकते.

पितळेची, तांब्याची भांडी वापरू की नको?

प्यायच्या पाण्याचा तांब्याचा हंडा राहू द्या. पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचं असेल तर कल्हई हवी, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. कल्हई शुद्ध कथलाची असली पाहिजे. स्वस्तात पडावं म्हणून त्यात शिसं मिसळलेलं असेल तर चिंच-कोकमाची आमटी ते ओढून घेते. कल्हईवाला डोळ्यांदेखत कोणती कांडी वापरतो ते विचारा. त्याला खात्रीने सांगता येत नसेल तर तेवढे महिने स्टील वापरा. हिंडालियम (अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) किंवा भंगारातून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांकडेही लक्ष असू द्या. अशा आयात भांड्यांतून अन्नात शिसं उतरत असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला आहे.

देवाचा शेंदूर, कुंकू, गुलाल यांचं काय?

मारुतीला वाहायचा पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड असतो. देवाला वाहायला हरकत नाही, पण गरोदर बाईने तो तेलात कालवणं, चिमटीने लावणं टाळावं. ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं आणि हात साबणाने धुवावेत. हळदीपासून केलेलं कुंकू चालेल. भडक केशरी, स्वस्त पुडीतलं कुंकू भांगात भरू नका. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उधळला जातो तेव्हा नाकातोंडात जातो. त्यात काय मिसळलंय ते उधळणाऱ्यालाही माहीत नसतं. यंदा घरूनच हात जोडा, देव समजून घेईल.

आयुर्वेदिक औषधं तर नैसर्गिक असतात ना?

नैसर्गिक आणि निर्धोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म. महायोगराज गुग्गुळाच्या पारंपरिक पाठात ते असतं. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर महिलांना शिशाची बाधा झाल्याचं आढळलं. भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं त्या घेत होत्या. त्यांच्या रक्तातली पातळी १६ ते ६४ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान होती.

याचा अर्थ शतावरी कल्प फेकून द्या असा नाही. अर्थ असा की वैद्यांना स्पष्ट विचारा, "यात भस्म किंवा रसौषधी (पारा, धातू घालून केलेलं औषध) आहे का?" लेबल नसलेली, कागदात बांधलेली पुडी घेऊ नका. आणि मुलगाच व्हावा म्हणून गुपचूप दिली जाणारी पुडी तर मुळीच नको. तिने मुलगा होत नाही आणि तिच्यात काय आहे ते देणाराही सांगत नाही. अशी पुडी आधीच घेतली असेल तर डॉक्टरांना एकांतात सांगा. तपासणीसाठी तेवढं कारण पुरेसं आहे.

मला सारखी पाटीची पेन्सिल खावीशी वाटते. डोहाळेच ना ते?

डोहाळे म्हणून सोडून देऊ नका आणि लाजूही नका. अनेक जणी भाजकी माती, खडू, पेन्सिल, राख खातात. ओटीतल्या डब्यात लपवून ठेवलेली पेन्सिल मी पाहिली आहे. यामागे बहुधा लोहाची कमतरता असते. मातीत, खडूत शिसं असू शकतं आणि लोह कमी असलं की शरीर शिसं जास्त शोषतं, असा दुहेरी फटका बसतो. हिमोग्लोबिन आणि शिसं दोन्ही तपासा. लोह भरून आलं की ही ओढ बऱ्याच जणींची आपोआप जाते.

पाणी उकळून प्यायलं तर?

जंतू मरतात, शिसं जात नाही. घरातल्या जुन्या पाईपची शंका असेल तर सकाळचं पहिलं पाणी वापरायला सोडून द्या आणि मग प्यायचं भरून घ्या.

बाळ येणार म्हणून खोली रंगवतोय.

घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसं लिहिलंय का ते बघा. त्याआधीचा रंग भिंतीवर, दारांवर असेल तर कोरडं घासणं, पॉलिश पेपर मारणं हा खरा धोका. ते काम ओलं करून आणि तुम्ही दुसऱ्या घरी असताना होऊ द्या. यंत्रांना मारायचा औद्योगिक रंग उरलाय म्हणून पाळण्याला लावू नका. तो नियम त्याला लागू नाही.

तपासणी कशी होते? उपाशीपोटी जायचं का?

उपाशी राहायची गरज नाही. हाताच्या शिरेतून नेहमीसारखं रक्त घेतात. बोटाच्या टोकातून घेतलेला थेंब कातडीवरच्या धुळीने बिघडू शकतो, म्हणून त्यात पातळी जास्त आली तर शिरेतलं रक्त देऊन खात्री करावी. केसांची किंवा लघवीची तपासणी यासाठी चालत नाही. कोल्हापुरातल्या लॅबमध्ये रक्त दिलं तरी नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो. रिपोर्टला किती दिवस लागतील आणि खर्च किती, ते आधीच विचारून घ्या. सरकारी दवाखान्यात नाव असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, त्या दिवशी घरातल्या कामाचं सांगा. आशाताईंना सांगितलंत तरी त्या माता-बाल कार्डावर नोंद करून देतील.

रिपोर्टवरचा आकडा कसा वाचायचा?

आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये असतो. शेजारी छापलेल्या "नॉर्मल रेंज"वर जाऊ नका. काही रिपोर्टवर जुनी किंवा कामगारांसाठीची मर्यादा छापलेली असते आणि १२ आकडा असूनही "नॉर्मल" दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार गरोदर बाईत ५ किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधायचं, ते थांबवायचं आणि आहारात कॅल्शियम, लोह कमी असेल तर पूरक द्यायचं. अमेरिकेत आता ३.५ लाच सावध होतात.

५ ते २४ असेल तर महिन्याभरात पुन्हा तपासतात, मग अधूनमधून. २५ च्या पुढे फेरतपासणी लवकर आणि दरमहा. ४५ किंवा जास्त असेल तर लगेच पुन्हा रक्त घेऊन, विषबाधेच्या तज्ज्ञांशी बोलून, रुग्णालयात ठेवून शिसं बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार होतो. ती औषधं पहिल्या तिमाहीत शक्यतो टाळतात. इंटरनेटवरचे "डिटॉक्स" ज्यूस आणि पुड्या यांचा इथे उपयोग नाही.

पातळी जास्त आली तर मूल ठेवायचं की नाही?

हा प्रश्न रडत विचारला जातो, म्हणून सरळ सांगते. नुसत्या आकड्यावरून गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नसतो. तो आकडा बाळात व्यंग आहे असं सांगत नाही. शिसं येण्याची वाट बंद केली की पातळी उतरते, आणि उरलेल्या प्रत्येक महिन्यात उतरलेल्या पातळीचा बाळाला फायदाच होतो. घरच्यांनी "तुझ्यामुळे" हा शब्द तोंडातून काढू नये. ते शिसं तिने मागून आणलेलं नाही.

खाण्यात काय बदल करू?

रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. म्हणून संकष्टी, नवरात्राचे कडक उपवास या वर्षी नकोत. थोड्या थोड्या वेळाने खा. कॅल्शियम भरपूर असलं तर हाडांतून शिसं निघणं कमी होतं. मेक्सिको सिटीत गरोदर महिलांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी उतरलं. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या मिळतात, त्या खरंच घ्या. डब्यात साठवू नका. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह दुसऱ्या वेळी, आणि त्यावर चहा नाही. नाचणीची भाकरी, तीळ, राजगिरा, दूध, पालेभाजी, लिंबू, आवळा हे सगळं आपल्या घरातलंच आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध चांगलंच, पण गरोदरपणात धारोष्ण पिऊ नका, उकळूनच प्या.

अंगावर पाजू का?

पाजा. आईची पातळी ४० च्या खाली असेल तर स्तनपान थांबवायची गरज नाही. त्याहून जास्त असेल तर पातळी उतरेपर्यंत दूध काढून टाकायला सांगतात, म्हणजे आटत नाही. आईची पातळी ५ च्या वर राहिली असेल तर बाळंतपणावेळी नाळेचं किंवा आईचं रक्त तपासून घ्यावं आणि पुढे बाळाचंही. बाळाच्या डोळ्यांत बाजारातला सुरमा घालू नका. तो शिशाच्या खनिजाचा असू शकतो.

माझा रिपोर्ट जास्त आला, आता घरात आणखी कुणाचं रक्त तपासायचं?

आधी मिस्टरांचं, कारण बहुधा कामावरून घरी येताना तेच शिसं आणत असतात आणि त्यांची पातळी तुमच्यापेक्षा जास्त असू शकते. त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनाही कळू द्या. मग मोठ्या मुलाचं, तो सहा वर्षांच्या आतला असेल तर नक्कीच, कारण रांगणारं, तोंडात हात घालणारं मूल मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं. तुमच्या पाठोपाठ जाऊबाईंना दिवस गेले असतील आणि कपडे धुण्याची पाळी त्यांच्याकडे गेली असेल, तर त्यांचंही. सगळ्यांचे रिपोर्ट एकाच फायलीत लावा आणि पुढच्या भेटीला ती फाईल घेऊन या.